पाटी नसलेला व्हॉल्व्ह रेडिओ कसा ओळखावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील जुन्या घरांच्या माळ्यावरून अजूनही व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी निर्वात नळ्यांवर चालणारे, रेडिओ खाली उतरतात. त्यांपैकी ज्यांच्यावर मर्फी, फिलिप्स, बुश किंवा नॅशनल एको अशी पाटी शाबूत असते, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे थोडेच असते. खरे कुतूहल वाटते ते पाटी गळून पडलेल्या, मागचा पुठ्ठा उंदरांनी किंवा वाळवीने संपवलेल्या आणि घरातल्या कोणालाही ‘आजोबांचा रेडिओ’ यापलीकडे काही सांगता येत नसलेल्या सेटांचे. असा सेट समोर आला की बहुतेकजण पहिल्यांदा त्याच्या कॅबिनेटचा आकार पाहून अंदाज बांधू लागतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. आपल्या भागात कॅबिनेट ही रेडिओची सर्वांत कमी विश्वासार्ह गोष्ट असते.

याचे कारण स्थानिक आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि रेडिओचा व्यापारही मुंबईकडेच तोंड करून चालत असे. लॅमिंग्टन रोडवरून कॉइल, स्टेशन लावणारा गँग कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर आणि तयार डायल आणायचे, चेसिसवर, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यावर, जुळणी करायची आणि गावच्या सुताराकडून सागवानी पेटी करून घ्यायची, हा अनेक कारागिरांचा नित्याचा व्यवसाय होता. दुसरीकडे, कंपनीच्या सेटची पेटी घाटाखालच्या आणि घाटावरच्या पावसाने फुगली, प्लायचे पापुद्रे सुटले की चेसिस तेवढी जपून ठेवून पेटी नवी केली जाई. त्यामुळे ब्रिटिश चेहऱ्याच्या पेटीत मुंबईची जुळणी आणि गावठी पेटीत अस्सल युरोपियन चेसिस, असे दोन्ही प्रकार आढळतात.

म्हणून सेट उलटा करून पहिल्यांदा व्हॉल्व्ह वाचावेत. युरोपियन पद्धतीच्या क्रमांकात बरीचशी माहिती उघडपणे लिहिलेली असते. पहिले अक्षर फिलामेंटचा, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचा, पुरवठा सांगते: ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरची एकसर जोडणी (फिलामेंट एकामागून एक जोडलेली), ‘डी’ म्हणजे साधारण १.४ व्होल्टचा, बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्ह. त्यापुढची अक्षरे काम सांगतात: ‘सीएच’ असेल तर फ्रिक्वेन्सी बदलणारा, ‘एफ’ असेल तर सिग्नल वाढवणारा पेन्टोड, ‘एल’ असेल तर स्पीकर हलवणारा, ‘झेड’ किंवा ‘वाय’ असेल तर एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर आणि ‘एम’ असेल तर स्टेशन नेमके लागले का हे दाखवणारा तो हिरवा चमकणारा जादूचा डोळा. आकड्याचा पहिला अंक पायांची रचना सांगतो. ‘३’ म्हणजे आठ जाड पायांचा ऑक्टल, ‘४’ म्हणजे आठ बारीक पायांचा रिमलॉक, ‘८’ म्हणजे नऊ पायांचा नोव्हल, ‘९’ म्हणजे सात पायांचा छोटा व्हॉल्व्ह. ईसीएच ४२, ईएफ ४१, ईबीसी ४१, ईएल ४१ असा संच दिसला की सेट रिमलॉकच्या काळातला, म्हणजे १९४० च्या दशकाच्या अखेरीचा किंवा त्यानंतरचा. ईसीएच ८१ आणि ईएल ८४ दिसले की आपण १९५० च्या दशकात आलो. अमेरिकन पद्धतीत सुरुवातीचा अंक साधारणतः फिलामेंटचे व्होल्ट सांगतो, त्यामुळे ६ के ७, ६ क्यू ७, ६ व्ही ६ आणि ५ वाय ३ असा संच ट्रान्सफॉर्मरवर चालणारा, तर १२ एसए ७, १२ एसके ७, १२ एसक्यू ७, ५० एल ६ आणि ३५ झेड ५ हा संच ट्रान्सफॉर्मरविना एकसर जोडलेला. या पाचही फिलामेंटांची बेरीज १२० व्होल्टच्या थोडी वर जाते. आपल्या २३० व्होल्टवर तो सेट चालत असेल तर उरलेले व्होल्ट कुठेतरी खर्ची पडलेच पाहिजेत, आणि ती जागा शोधली की सेट मुळात कोणत्या देशासाठी केलेला होता हेही कळते.

इथे एक सावधगिरीची सूचना मधेच देणे भाग आहे. एकसर जोडणीच्या सेटमध्ये विजेची एक तार थेट चेसिसला जोडलेली असू शकते, त्यामुळे प्लग उलटा बसला तर चेसिसच्या पत्र्यावर पूर्ण व्होल्टेज येते. क्रमांक वाचायचे ते प्लग काढूनच.

व्हॉल्व्हपेक्षाही मी सॉकेटवर अधिक भरवसा ठेवतो. व्हॉल्व्ह कोणीही बदलतो, परंतु कारखान्यात सॉकेट रिव्हेटने ठोकलेले असते. एखादे सॉकेट स्क्रू आणि नटाने बसवलेले असेल, त्याच्याभोवती ऑक्टलचे मोठे भोक झाकण्यासाठी पत्र्याची चकती लावलेली असेल, तर तिथला ईएल ८४ मूळचा नव्हे. ६ व्ही ६ मिळेनासा झाला तेव्हा एखाद्या मेकॅनिकने केलेली ती सोय असते. बेळगावच्या खडेबाजारातल्या एका वृद्ध मेकॅनिककाकांनी मला हे एका वाक्यात सांगितले होते: “व्हॉल्व्ह काय, बाजारात मिळतोय की, भोक कुणी पाडलंय ते बघ.” पत्र्यातली भोके, त्यांच्या कडा, रिव्हेट आणि जुन्या झाळकामाचा रंग एवढ्यावरून मूळचे काय आणि नंतरचे काय, याचा निवाडा बऱ्याच अंशी करता येतो.

त्यानंतर डायल. त्याच्या काचेला मागच्या बाजूने ओले फडके कधीही लावू नये, कारण अक्षरे तिथेच छापलेली असतात आणि पन्नास-साठ वर्षे टिकलेला शाईचा थर एका पुसण्यात निघून येतो. डायलवर लाहोर, पेशावर, ढाका ही केंद्रे दिल्ली-मुंबईच्या बरोबरीने दिसली तर आराखडा फाळणीपूर्वीचा असण्याची शक्यता मोठी, कारण १९४७ मध्ये आकाशवाणीच्या नऊ केंद्रांपैकी ही तीन पाकिस्तानकडे गेली. धारवाड दिसले तर डायल १९५० नंतरचा, पुणे दिसले तर १९५३ नंतरचा. मात्र एखादे नाव नसणे हा पुरावा मानू नये. सगळी केंद्रे छापण्याइतकी जागा कोणत्याच डायलवर नसे. मीडियम वेव्हवर स्टेशन आज छापील जागेपासून सरकलेले आढळले म्हणून डायल परका ठरवण्याचीही घाई करू नये, कारण २३ नोव्हेंबर १९७८ रोजी आपल्याकडेही फ्रिक्वेन्सींची नवी मांडणी लागू झाली, तिच्यात त्या ९ किलोहर्ट्झच्या पटीत बसवल्या गेल्या. खरी कसोटी सिग्नल जनरेटरची, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणाऱ्या उपकरणाची. काटा एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला भरकटलेला, असे काही केले तरी सुटत नसेल तर ती काच आणि ते गँग कंडेन्सर एकमेकांसाठी केलेले नाहीत.

बँडही बोलके असतात. भारतात लाँग वेव्हवर प्रसारण नव्हते, म्हणून इथे विकण्यासाठी केलेल्या सेटमध्ये मीडियम वेव्हसोबत दोन-तीन शॉर्ट वेव्ह असत आणि लाँग वेव्ह गाळलेला असे. ६० आणि ९० मीटरच्या खुणा असतील तर सेट उष्ण कटिबंधासाठीच आखलेला. उलट लाँग वेव्ह आहे आणि पियानोसारखी बटणेही आहेत, त्यांतल्या एकावर यूकेडब्ल्यू अशी अक्षरे आहेत, असा सेट जर्मनीतल्या घरगुती बाजारासाठी केलेला असतो. आपल्या भागात तो कसा आला, याचे उत्तर बहुतेक वेळा गोव्याकडे जाते. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज सत्ता होती, परदेशी माल भारतापेक्षा सहज मिळे आणि घाट उतरला की गोवा. अशा काही डायलवर मीडियम वेव्हसाठी ‘ओ. एम.’ आणि शॉर्ट वेव्हसाठी ‘ओ. सी.’ ही पोर्तुगीज आद्याक्षरे असतात. ती दिसली की ही शक्यता आणखी बळावते. त्यांच्या आत बहुधा ईसीसी ८५, ईसीएच ८१, ईएफ ८९, ईएबीसी ८०, ईएल ८४ असा ठरलेला संच सापडतो. यूकेडब्ल्यू म्हणजे एफएम. आकाशवाणीचे एफएम मद्रासला १९७७ मध्ये सुरू झाले, तेव्हा इथल्या मालकाने ते बटण दाबून वर्षानुवर्षे निव्वळ खरखर ऐकली असणार.

बेळगाव ही छावणी असल्यामुळे आणखी एक गोंधळ होतो. एखाद्या घरगुती दिसणाऱ्या चेसिसवर व्हीआर किंवा सीव्ही अक्षरांचा व्हॉल्व्ह निघाला की लोक लगेच ‘हा मिलिटरीचा रेडिओ’ म्हणतात. ते लष्करी क्रमांक आहेत हे खरे. व्हीआर ९१, सीव्ही १०९१ आणि ईएफ ५० हा एकच व्हॉल्व्ह. परंतु युद्धानंतर असा माल लिलावात निघाला, बाजारात आला आणि जुळणी करणाऱ्यांनी तो वापरला. सेट मूळचा लष्करी असल्याची खूण म्हणजे पत्र्यावर ठोकलेला तीन रेघांचा बाण. एकट्या व्हॉल्व्हवरून तसे म्हणता येत नाही.

सध्या माझ्या टेबलावर निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतून आलेला सेट आहे. पेटी सागवानी, हाताने केलेली, डायलची चौकट कानशीने मोठी केलेली. आत यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१ आणि यूवाय ४१. सगळी सॉकेटे रिव्हेटची, ट्रान्सफॉर्मर नाही. फिलामेंटांची बेरीज ११६.६ व्होल्ट होते, आणि उरलेले सुमारे ११३ व्होल्ट एका जाड ड्रॉपर रेझिस्टन्सवर पडतात; १०० मिलिअँपिअरने ती ११ वॅटहून अधिक उष्णता झाली, म्हणूनच पेटीची वरची फळी त्या जागी काळवंडली आहे. गँगवरचे ट्रिमर (बारीक जुळवणीचे छोटे कंडेन्सर) फिलिप्स वापरत असे त्या धाटणीचे, एकात एक बसणाऱ्या गोल कड्यांचे आहेत. बँड तीन, लाँग वेव्ह नाही. यावरून विक्रीच्या चिठ्ठीवर मी इतकेच लिहिले आहे: ‘फिलिप्स, एसी-डीसी, रिमलॉक संच, निर्यातीचा आराखडा, पेटी स्थानिक.’ फिलिप्सच्या त्या काळातल्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी एसीसाठी ‘ए’, एसी-डीसीसाठी ‘यू’ आणि बॅटरीसाठी ‘बी’ असे, म्हणून शेवटचे अक्षर ‘यू’ एवढे भरता आले. अधले आकडे मागच्या पुठ्ठ्यावर छापलेले असत आणि पुठ्ठा गेलेला आहे. सेट पाहायला आलेल्या एका हौशी मित्राने मिळताजुळता क्रमांक लिहून टाकण्याचा आग्रह धरला, पण विक्रीच्या चिठ्ठीवर एकदा लिहिलेला अंदाज पुढच्या मालकाकडे वस्तुस्थिती म्हणून पोहोचतो. ती जागा मी रिकामी ठेवली आहे.