मामांची हिरवी फाईल

आमचे मोठे मामा गेले मागच्या महिन्यात. सकाळी पेपर वाचला, शेजाऱ्यांशी पाण्याच्या टँकरवरून भांडले, दुपारी छातीत दुखतंय म्हणाले आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलेलं. वय 78 होतं, तब्येत आमच्यापेक्षा बरी.

मामा लष्कराच्या इंजिनिअर दलातले, बॉम्बे सॅपर्सचे, खडकीच्या बीईजीतले. 1966 ला भरती, 1990 ला हवालदार म्हणून रिटायर, मग पिंपरीत एका कंपनीत सिक्युरिटीला आणि दिघीला दीड गुंठ्यात घर. त्या बाजूला अशी माणसं गल्लोगल्ली सापडतात. 1971 ला शकरगडकडे सुरुंग काढायच्या कामावर होते, पण आम्ही पोरं लढाईचं सांगा म्हणून मागे लागलो की स्वतःचं सोडून बॉम्बे सॅपर्सच्याच राम राघोबा राणेंचं सांगायचे. एप्रिल 1948, नौशेरा-राजौरी रस्ता, राणे रणगाड्याखालून सरपटत सुरुंग शोधताहेत आणि दोरी ओढून ड्रायव्हरला चल-थांब सांगताहेत. परमवीरचक्र मिळालं त्यांना. बरं, आणि तुम्ही काय केलंत विचारलं की, ‘आम्ही काय, पोटावर पडून माती टोचायचो.’ सळई नेहमी तिरकी घालायची, सरळ खाली नाही, कारण वरून दाब पडला की सुरुंग उडतो आणि बाजूने टेकली तर बहुतेक वेळा वाचतो माणूस. मामींच्या कुंड्यांतली मातीसुद्धा ते तश्शीच तिरकी उकरायचे, आम्ही हसायचो.

तर तिसऱ्या दिवशी मामींनी कपाटातून हिरवी फाईल काढून दिली. पहिल्याच पानावर ‘मी गेल्यावर करायची कामे’, खाली सही आणि तारीख. मृत्यूचे दाखले दहा काढा, बँकेला आणि स्पर्शवर (लष्करी पेन्शनचं पोर्टल) लगेच कळवा, मी गेल्यानंतरचं पेन्शन जमा झालं तर हात लावू नका ते परत जातं, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या औषधोपचाराची योजना) माझं कार्ड जमा करा पण मामीचं चालू राहील हे बघा. फॅमिली पेन्शन 30 टक्के बसेल असं लिहून पुढे आकडासुद्धा मांडलेला.

आणि त्यातली मोठी भानगड त्यांनी आधीच निस्तरून ठेवली होती. लग्नात मामींचं नाव बदललेलं, लष्कराच्या रेकॉर्डला मात्र माहेरचंच लागलेलं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. अशा केसेसमध्ये बायका नवऱ्यामागे वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात, आमच्याच गल्लीत एक काकू अजून घालताहेत. मामांनी अॅफिडेव्हिट, गॅझेट, रेकॉर्ड ऑफिसच्या चकरा असं सगळं करून पीपीओ (पेन्शनची ऑर्डर), आधार, पॅन आणि बँक चारही ठिकाणी एकच नाव करून ठेवलेलं, आणि मामींना त्यातलं फारसं काही माहीतच नव्हतं! त्या म्हणाल्या, मला वाटायचं हे खडकीला मित्रांकडे पत्ते खेळायला जातात.

घरात मामा काही फार प्रेमळ वगैरे नव्हते हं. मुलीच्या लग्नात मांडवाच्या खांबांची लाईन चुकली म्हणून डेकोरेटरवर ओरडत बसलेला माणूस. पण मला या फाईलमध्ये ते जेवढे दिसले तेवढे त्यांच्यासमोर बसून कधी दिसले नव्हते.

शेवटच्या पानावर होतं, तेराव्याला जेवणावळ नको, ते पैसे खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला द्या, तिथे आपली पोरं व्हीलचेअरवर आहेत. पैसे दिले. जेवणावळीचं मात्र मामींनी ऐकलं नाही, मोजकी माणसं बोलावून जिलबी केलीच, म्हणाल्या शुगरमुळे त्यांना दहा वर्षं खाऊ दिली नाही मी, आता मी सांगते ते चालणार.