तुम्ही विचारलंत म्हणून: कच्चं खाऊन एवढं लांब पळता येतं?

मी वर्षातले बरेच महिने न शिजवलेलं खाते आणि मॅरेथॉन पळते, हे कळलं की प्रश्न ठरलेला असतो: "मग ताकद कुठून येते?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काकडी-गाजराची ताटली असते. त्या ताटलीवर कुणीच लांब पळू शकणार नाही, हे आधीच मान्य करते. ताकद येते फळांतल्या साखरेतून, आणि पळतानापुरती ती नीट पुरते. अडतं ते उरलेल्या दिवसात.

पळण्याचा हिशोब सोपा आहे. सपाट रस्त्यावर एका किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी अडीच हजारांच्या आसपास. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा असतो तो जेमतेम दोन हजारांचा. चरबी सोबतीला असते, पण तिच्यातून ऊर्जा हळू निघते. म्हणून तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पाय एकाएकी शिशाचे होतात आणि धावणारे म्हणतात, वॉल लागली. ती लांबवायची तर वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. ते धावपटूंसाठीच्या गोड जेलच्या पाकिटातून आलं की केळ्यातून, याच्याशी स्नायूंना सोयरसुतक नसतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सायकलपटूंना ७५ किलोमीटरच्या चाचणीत एकदा केळी दिली आणि एकदा स्पोर्ट्स ड्रिंक. वेळ जवळपास सारखीच आली. केळी खाल्ल्यावर पोट मात्र जास्त भरल्यासारखं वाटत होतं.

हे पोट भरणं म्हणजेच कच्च्या आहाराची खरी अडचण.

पळताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्याच्या वाट्याला थोडंच राहतं. त्यात चोथा गेला की पोट डबडबतं, मग कळा, मग झाडाझुडपांचा शोध. शिवाय कुठलंही फळ चालत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात. दोन्ही बरोबरीने मिळाले तर सरावलेलं पोट तासाला ९० ग्रॅमपर्यंतही पेलतं. नुसतं फ्रुक्टोज जास्त झालं तर ते न शोषता पुढे सरकतं आणि गॅस धरतो. केळ्यात आणि खजुरात ही जोडी जवळजवळ समसमान असते. सफरचंदात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे ते शर्यतीच्या सकाळी मी हातात धरत नाही, एरवी कितीही आवडत असलं तरी. केळंसुद्धा सालीवर ठिपके आलेलंच घ्यायचं. हिरवट केळ्यात अजून भरपूर स्टार्च असतो, पिकलं की त्याची साखर झालेली असते. निसर्गाने केलेलं शिजवणंच म्हणा ना.

माझं वाटेतलं खाणं म्हणजे खजुराचं पाणी. बिया काढलेला खजूर रात्रभर भिजवायचा, त्याच पाण्यात वाटायचा, फडक्यातून गाळायचा, लिंबू आणि मीठ घालून मऊ बाटलीत भरायचा. १०० ग्रॅम खजुरात साधारण ७५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. गाळताना थोडं जातं ते धरूनही ताशी ६०-७० ग्रॅम खजुरावर माझं भागतं. गाळायचा कंटाळा करू नका, चोथा तिथेच थांबतो. आणि हे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नका. सरावातल्या लांब पळण्याच्या दिवशी पाय जसे सरावतात तसं पोटही सरावतं.

मिठाबद्दल कच्चं खाणाऱ्यांशी माझं नेहमी वाजतं. घामाच्या एका लिटरबरोबर सरासरी १ ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, कुणाचं कमी, कुणाचं बरंच जास्त. एका केळ्यात पोटॅशियम ४०० मिलिग्रॅमच्या वर आणि सोडियम अवघं १. तेव्हा "फळांतून सगळे क्षार मिळतात" हे वाक्य घामाच्या बाबतीत खरं नाही. बिनमिठाचं खाऊन वर तासन्‌तास नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं. मीठ कच्च्यात बसतं की नाही, हा वाद धाप लागली नसताना घालावा.

आता उरलेला दिवस. वीस किलोमीटर पळालेल्या दिवशी ६० किलोच्या बाईला तीन हजारांच्या घरात किलोकॅलरी लागतात. केवळ केळ्यांवर म्हटलं तर अठ्ठावीस केळी. कलिंगडावर म्हटलं तर दहा किलो गर. जबडा दुखतो, वेळ जातो, आणि कॅलरी पूर्ण होण्याआधीच पोटाला तड लागते. बदाम, काजू, अक्रोड अशा सुकामेव्याने आकडा भरतो, पण ती बहुतांशी चरबी. रिकामं झालेलं ग्लायकोजेन तिने भरत नाही.

म्हणून कच्चं खाणारे धावपटू नकळत उपाशी राहतात. भूक लागलेली नसते, ताट मोठं दिसतं, आणि तरी दररोज तीनचारशे किलोकॅलरी कमी पडत जातात. जर्मनीत कच्चं खाणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. आणि हे काही मॅरेथॉन पळणारे लोक नव्हते, हे लक्षात घ्या. पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं, हाडं विरळ होतात, आणि पळणारीला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर, गाठतं. मैत्रिणी जेव्हा "पाळी थांबली, म्हणजे ट्रेनिंग जोरात चाललंय" असं हसत सांगतात तेव्हा मला हसू येत नाही.

माझा तोडगा कट्टर लोकांना रुचत नाही. आठवड्याचं अंतर वाढायला लागलं की संध्याकाळचं जेवण मी शिजवलेलं घेते: भात, बटाटा, डाळ. शिजवल्याने स्टार्च फुलतो, कमी घासांत जास्त ऊर्जा मिळते, प्रथिनांचा प्रश्नही हलका होतो. राजमा तर कच्चा किंवा मोड आणूनही खाऊ नये, त्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन विषारी असतं आणि ते नीट उकळल्यावरच निष्प्रभ होतं. सकाळ आणि पळणं मात्र फळांवरच. अंतर कमी असलेल्या महिन्यांत पुन्हा पूर्ण कच्चं.

शर्यतीच्या आधीचे दोन दिवस मी कोशिंबिरी, मोड आणि बिया बंद करते. पिकलेली केळी, गाळलेले रस, मध, एवढंच. दिसायला हा आहार अगदी गरीब असतो, पण साठा भरायला आणि आतडं रिकामं ठेवायला तोच बरा.

प्राणिज काहीच न खाणाऱ्यांनी बी-१२ ची गोळी घ्यायचीच, भाज्या न धुता खाऊन ते मिळत नाही. लोह वर्षातून एकदा तरी तपासा, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन ठीक दिसत असताना साठा तळाला गेलेला असू शकतो. आणि तुमचं वजन आधीच कमी असेल, पाळी चुकत असेल किंवा खाण्याशी जुनं भांडण असेल, तर मॅरेथॉन आणि कच्चा आहार यांतलं एकच काहीतरी निवडा. माझं मत विचाराल तर मॅरेथॉन निवडा.