आहत नाण्यावरचा डोंगर कुणाचा?

नाण्यांच्या ग्रुपवर कुणी आहत नाण्याचा, म्हणजे ठसे मारून पाडलेल्या प्राचीन नाण्याचा, फोटो टाकला की लगेच ठरलेली उत्तरं यायला लागतात. सूर्य म्हणजे सूर्यवंशी राजा, हत्ती म्हणजे ऐश्वर्य, डोंगरावर चंद्रकोर म्हणजे चंद्रगुप्त मौर्य, आणि मोर दिसला तर मग विचारायलाच नको, मोर म्हणजे मोरिय म्हणजे मौर्य, विषय संपला. एक चिन्ह, एक अर्थ. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा नीट लिहून काढतो.

ज्यांनी हे नाणं हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चांदीचा पत्रा ठोकायचा, पट्ट्या कापायच्या, पट्टीचे तुकडे करायचे, वजन जास्त भरलं तर कोपरा कातरायचा आणि मग एकेक ठसा हातोडीने मारायचा. वजन साधारण सव्वातीन ते साडेतीन ग्रॅम. राजाचं नाव नाही, चेहरा नाही, एक अक्षर नाही. मगध-मौर्य काळातल्या नाण्यांवर पुढच्या बाजूला असे पाच ठसे असतात. माझ्याकडे एक आहे, भिंगाखाली धरलं की सूर्याचे निम्मे किरण पत्र्याच्या बाहेर गेलेले दिसतात, त्याच्यावरच षडर चक्राचा, म्हणजे सहा आऱ्यांच्या चक्राचा, एक बाण चढलाय, आणि डोंगर म्हणजे कमानींची रास, तिच्या तीन कमानींपैकी दोन स्पष्ट, तिसरी शेजारच्या ठशाखाली दबलेली. म्हणजे ठसा मारणाऱ्याला चित्र नीट दिसावं याची काहीएक पडलेली नव्हती. ठसा उमटला, काम झालं, पुढचं नाणं घे.

आता हा सूर्य आणि हे षडर चक्र बहुतेक सगळ्याच मगध-मौर्य नाण्यांवर असतं (चक्राच्या आऱ्यांचे प्रकार बदलतात, तो वेगळा विषय). जे चिन्ह सगळ्यांवर आहे ते एका राजाचं किंवा एका वंशाचं कसं असेल? बदलतात ते उरलेले ठसे, आणि त्यातही एकटा ठसा काही सांगत नाही, पाचही जण मिळून काय ते सांगतात. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेने १९८५ मध्ये परमेश्वरीलाल गुप्ता आणि हार्डेकर यांचा जो कॅटलॉग काढला, तो याच पद्धतीने लावलाय, पाच ठशांचा संच बघा आणि त्याचा नंबर शोधा. अर्थबिर्थ नंतर. हा कोरडेपणा मला फार आवडतो.

तर तो डोंगर. तीन कमानी, वर चंद्रकोर. हे मौर्यांचं राजचिन्ह असावं याला आधार आहे, नाही असं नाही. गोरखपूरकडच्या सोहगौराच्या ताम्रपटावर वरच्या ओळीत हेच चिन्ह आहे, शेजारी कुंपणातलं झाड आणि धान्याची कोठारं, आणि खाली मजकूरही कोठारांचाच, म्हणजे सरकारी शिक्क्यासारखं काहीतरी असणार. इथवर ठीक. पण मग आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला या. तिथे नहपान या क्षत्रप (शक) राजाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय, एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (अधिकचिन्हाच्या चार टोकांना चार गोल). मौर्य जाऊन तेव्हा अडीचशे वर्षं उलटून गेली होती. आणि सातकर्णीशी भांडणाऱ्या क्षत्रपांकडे बघावं तर चष्टन या क्षत्रपाच्या घराण्यातल्या नाण्यांवर पण तोच डोंगर! मग काय सगळेच मौर्य?

त्यात हा डोंगर आहे की स्तूप यावर पण वाद आहे. मी डोंगराच्या बाजूने, कारण काही आहत नाण्यांवर त्याच कमानींवर मोर उभा आहे आणि काहींवर एक चार पायांचा प्राणी, ज्याला कुणी कुत्रा म्हणतं कुणी ससा. स्तूपावर कुत्रा कोण चढवेल?

मुळात ही चिन्हं वाचायची कुणी? पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथात याचा एक झकास दाखला आहे. नाण्यांचा ढीग पडलाय. लहान मुलाला दिसतं की ही चौकोनी, ही गोल. खेडुताला एवढं आणखी कळतं की यावर वस्तू मिळतात. सराफ मात्र बघून, वाजवून, वास घेऊन, चाखून, हातात तोलून सांगतो की हे खरं, हे खोटं, हे कुठल्या गावात, नदीकाठी की डोंगरावर, कुठल्या कारागिराने पाडलं. आपण सगळे ग्रुपवर त्या मुलाच्या पायरीवर आहोत, फार तर खेडुताच्या.

आणि गंमत बघा, हा विसुद्धिमग्ग ज्यांनी संपादित केला ते गोव्याचे धर्मानंद कोसंबी, आणि त्यांचा मुलगा डी. डी. कोसंबी, गणिती माणूस, तो अक्षरशः सराफासारखा तराजू घेऊन आहत नाण्यांच्या मागे लागला. तक्षशिलेच्या भीर टेकाडावर १९२४ मध्ये हजाराहून जास्त आहत नाणी मिळाली होती, सोबत अलेक्झांडरची दोन, जवळजवळ नवी कोरी करकरीत. त्या आहत नाण्यांच्या वजनांना कोसंबींनी संख्याशास्त्र लावलं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, आणि मागच्या बाजूला जितके बारके ठसे जास्त तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे ते मागचे ठसे नाणं फिरत असताना मध्ये मध्ये कुणीतरी तपासून मारलेले. झीज कशी होते याचा अंदाज यावा म्हणून त्यांनी त्यांच्या काळातली चलनातली नाणी पण वजन करून बघितली! एकाही चिन्हाचा अर्थ न लावता केवढी माहिती काढली राव. पुढे त्यांनाही चिन्हांना राजे चिकटवायचा मोह झालाच, तिथे मात्र मी त्यांच्यासोबत जात नाही.

त्यामुळे ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यांना एक विनंती, मागच्या बाजूचाही फोटो टाका, वजन दोन दशांशापर्यंत लिहा, आणि कोपरा कातरलेला असेल तर तो कुठल्या ठशाजवळ आहे ते जवळून दिसू द्या.