पऱ्हाटी सापडली, दऱ्या बिघडल्या: शब्दसंग्रहाच्या प्रोग्रामची पुढची नोंद

मंडळी, परवा रात्री पावणेबाराला माझ्या शब्दसंग्रहात शब्द शोधणाऱ्या प्रोग्रामला पऱ्हाटी (कापसाचं झाड) सापडली. लिनक्स, विंडोज आणि भावाचा मॅक, तिन्हीकडे एकाच शोधात तेच तीन निकाल! पंधरा दिवस या एका शब्दानं मला झोपू दिलं नव्हतं. पण ही नोंद त्या आनंदाची नाही. सकाळी जे झालं त्याची आहे.

वाइड कॅरेक्टरला (सी++ मधला अक्षरं साठवायचा एक प्रकार) सुट्टी दिली ते मागच्या वेळी लिहिलंच होतं. विंडोजवर तो २ बाइटांचा, लिनक्स-मॅकवर ४ बाइटांचा. एकीकडे लिहिलेला इंडेक्स (शोधाची सूची) दुसरीकडे उघडला की नुसता कचरा. आता आत सगळीकडे यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची एक पद्धत), आणि विंडोजच्या एपीआयला (प्रोग्रामनं विंडोजशी बोलायची सोय) काही द्यायचं तेवढ्यापुरतंच यूटीएफ-१६, म्हणजे तशीच दुसरी पद्धत. हे पक्कं बसलं.

तरी पऱ्हाटी अर्धीच सापडायची. मी टाइप केलेली यायची. केजच्या मावसबहिणीनं मोबाइलवरून पाठवलेली नाही, आणि आजीच्या आवाजातल्या ज्या फाइलीचं नावच ‘पऱ्हाटी’ आहे, ती तर नाहीच. पडद्यावर तिन्ही शब्द हुबेहूब. शेवटी तिन्हींचे बाइट काढून वहीत एकाखाली एक लिहिले, तेव्हा उलगडलं.

माझ्या इनस्क्रिप्टवर (देवनागरी कीबोर्डची मांडणी) शिफ्ट-जे दाबलं की ऱ येतो, म्हणजे युनिकोडमधला (अक्षरांना क्रमांक देणारं मानक) यू+०९३१. मग हलन्त, मग ह. तीन चिन्हं, ९ बाइट. बहिणीच्या मोबाइलनं साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायची खूण) आणि ह लिहिलेला: १२ बाइट. हा दुसरा रस्ता युनिकोड २.० पासूनचा, सुसंगतीसाठी अजून मान्य आहे, त्यामुळं तिचं चुकलं असंही नाही. फाइलीच्या नावात र, सुटा नुक्ता (अक्षराखालचं टिंब), हलन्त, ह. तेही १२च! ती फाइल जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेली, आणि ती फाइलसिस्टीम नावं सुटी करूनच ठेवते.

नुक्त्याचं काम एनएफसीनं (सुटे भाग जोडून अक्षराचं एकच रूप करायची युनिकोडची रीत) चुटकीसरशी केलं. त्यासाठी यूटीएफ८प्रॉक ही छोटी लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतली. आयसीयू ही मोठी लायब्ररी चांगलीच आहे, पण एवढ्या कामासाठी ती सोबत बांधणं म्हणजे दोन पेंढ्या कडब्यासाठी ट्रक बोलावणं. झेडडब्ल्यूजेवाल्या रूपाला मात्र एनएफसी हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन रूपं समतुल्य नाहीतच. मग त्याच लायब्ररीत न दिसणारी चिन्हं काढून टाकणारा ‘इग्नोर’ पर्याय दिसला. तो लावला, वर हलन्ताआधीच्या ऱ चा र केला, आणि पऱ्हाटी तिन्हीकडे हजर.

सकाळी मावसबहिणीनं ‘दऱ्या’ शोधलं. तिला बालाघाटातल्या दऱ्यांची आजीनं सांगितलेली नावं हवी होती. निकालात वर ‘दर्या’, म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ शोधलं तर लग्नातल्या स्वयंपाक्यांसोबत मठातले ‘आचार्य’ आले. आडवा र (दऱ्या मधला) आणि रफार (दर्या मधला) हे मराठीत दोन वेगळे शब्द करतात, आणि मी तो फरकच पुसून टाकला होता. त्याहून जिव्हारी लागलं ते असं, की साफ केलेला मजकूर मी मूळ फाइलींवरच लिहिला होता. बॅकअप होता, पण बहिणीनं पाठवलेल्या शब्दांच्या शेवटच्या दोन खेपा त्यात नव्हत्या.

उपाय उलट दिशेचा निघाला. आधी एनएफसी. मग र, हलन्त, झेडडब्ल्यूजे असे ओळीनं दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. त्यानंतरच उरलेले झेडडब्ल्यूजे काढायचे, आणि हे सगळं फक्त शोधाच्या किल्लीसाठी, म्हणजे शोधताना ताडून पाहायच्या रूपासाठी. मूळ मजकुराला बोटही लावायचं नाही. बारा ओळींचा कोड. काल संध्याकाळी दऱ्या आणि दर्या वेगळे झाले, आणि बिऱ्हाड, गुऱ्हाळ, वऱ्हाड, बाऱ्हाळी सगळे आपापल्या जागी आले. गुऱ्हाळ तर मी उगीच चार वेळा शोधून पाहिलं.

सी++२० वर (प्रोग्रामच्या भाषेची पुढची आवृत्ती) जायचा बेत रद्द. तिथं यू८ लिटरलचा (कोडात थेट लिहिलेला यूटीएफ-८ मजकूर) प्रकारच वेगळा झालाय, तो साध्या स्ट्रिंगमध्ये जात नाही आणि जागोजागी कास्ट करावं, म्हणजे प्रकार बदलून घ्यावा लागतो. माझ्या मते या कामाला सी++१७ पुरे.

यापुढं अकारविल्हे लावायचं घेणार होतो. पण हे लिहिता लिहिताच ‘ॲटो’ आठवला. आमच्याकडं रिक्षाला ॲटोच म्हणतात. ॲ ला २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये, स्वतंत्र यू+०९७२ मिळाला. त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, आणि एनएफसी याही दोघांना एक करत नाही. म्हणजे नियम कोडात गाडून चालणार नाही. एक साधी मजकूर फाइल करतो, ओळीला एक नियम. तुमच्याकडं अशा जोड्या असतील तर कळवा, त्यात घालतो. अकारविल्हे त्यानंतर.

त्या दोन खेपांतले ३७ शब्द अजून संशयात आहेत. तिथला झेडडब्ल्यूजे गेलाय, आणि रफार खरा की आडवा र पुसला गेलेला, हे प्रोग्रामला कळायला मार्ग नाही. यादी छापून ठेवली आहे. रविवारी केजला जाऊन आजीला एकेक वाचून दाखवतो, ती उच्चारेल तसं पेनानं लिहून घेतो.