ओटा अजून हलायलाय

बुधवार, रात्री साडेदहा

सकाळी भाकरी थापायला घेतली आणि ओटा डावीकडे कलला. मी परातीला धरून उभी राहिले. कांद्याची जाळी गप्प, भिंतीवरचं कॅलेंडर गप्प. म्हणजे हलत होते ती मीच. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "किल्लारीच्या टायमाला असंच झालतं बघ. पण तवा भांडी पडली होती." १९९३ चा तो भूकंप सोलापुरात ज्यांनी अनुभवला, त्यांच्याकडे जमीन हलण्याचं माप तेच. आता आमच्या घरात दुसरं एक माप आलंय. जहाजावरून उतरून आज तिसरा दिवस.

तिकिटं मुलाने पुण्यातून काढली. आमच्या लग्नाची पंचवीस वर्षं, मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. "आजीला पण न्या, तिने समुद्र बघितलेला नाही," हेही त्यानेच ठरवलं. आईंनी आजवर बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आषाढीतली चंद्रभागा, आणि एकदा एसटीच्या खिडकीतून उजनीचा फुगवटा. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं, ते त्याच शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून. त्यामुळे पाणी दिसलं की त्या आधी मनात घागरी मोजतात.

गुरुवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसलो, सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. धक्क्यावरचे सोपस्कार विमानतळासारखेच. त्यावर काही लिहिण्यासारखं नाही.

खोलीत पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला. आम्ही दोघी कौतुकाने बघतोय तोवर ह्यांनी हंस उलगडला, टॉवेल उलटा केला, चिमटीत लूप धरून ओढून बघितला. "साडेचारशे जीएसएम असेल. धुऊन धुऊन काठ मऊ पडलाय." जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. घरचे आठ माग असलेला माणूस समुद्रावर जाऊनही हेच बघणार. मी फोटो काढायच्या आधीच हंस संपला.

खोली मात्र आम्ही चुकीची घेतली होती, हे रात्री कळलं. स्वस्त पडली म्हणून मुलाने आतली, बिनखिडकीची खोली घेतलेली, वरच्या मजल्यावर, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला. ज्यांना बोट लागते त्यांनी नेमकी हीच टाळायची असते. सी-सॉच्या दांडीसारखं आहे ते: मधे बसलेल्याला कमी हिसके, टोकावरच्याला सगळे. म्हणून खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली घ्यावी. आता कळून काय उपयोग!

निघायच्या आधी भोंगा वाजला. सात लहान, एक लांब. सगळ्यांना आपापल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या जागी, नेऊन लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. माझ्या शेजारच्या बाई सेल्फी काढत होत्या. ह्यांनी मात्र कान देऊन ऐकलं, कारण गाडीत रात्रभर त्यांनी मोबाईलवर तेच बघितलं होतं. कोस्टा कॉन्कॉर्डिया, जानेवारी २०१२, इटलीचं जिल्यो बेट, खडकाला घासून जहाज आडवं झालं, ३२ माणसं गेली. त्या जहाजावर नुकत्याच चढलेल्या कित्येकांची कवायत व्हायचीच होती. तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची सवलत होती. २०१५ पासून ती काढून टाकली, आता निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर कवायत झालीच पाहिजे. एवढं सांगून ह्यांचं समाधान झालं नाही. मग नॉर्वेजवळची व्हायकिंग स्काय, मार्च २०१९. वादळात इंजिनं बंद पडली, कारण टाक्यांत वंगणतेल कमी होतं आणि जहाज हेलकावे खायला लागल्यावर पंपाला तेल मिळेना. १,३७३ माणसं होती, त्यातल्या पावणेपाचशेच्या वर लोकांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचललं. "तेल कमी असलं की माग पण असाच जाम होतो," हे वर. मी म्हटलं, आता झोपा.

संध्याकाळी जहाज सुटलं. मुंबईचे दिवे मागे गेले, रेलिंगला धरून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी 'रामदास' बोटीचा विषय काढला. १७ जुलै १९४७, रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं. कोकणातल्या घरांत ही तारीख अजून निघते म्हणे. पण वेळ बघून तरी काढावी की नाही माणसाने!

वादळ म्हणावं असं काही नव्हतं. दूर कुठेतरी कमी दाबाचा पट्टा होता, त्याच्या लाटा आमच्यापर्यंत पोचल्या, एवढंच. पण रात्री अकरानंतर कपाटातले हँगर एकमेकांवर आपटायला लागले. टक, टक, मग थोडं थांबून टक. खोलीतल्या टीव्हीवर एक चॅनेल असतं, त्यावर जहाज कुठे आहे आणि वारा किती आहे ते दिसतं. तीस नॉट. ह्यांनी हिशेब केला, ताशी पंचावन्न किलोमीटर. मग हिशेब करायचे राहिले आणि बाथरूमकडे धावले. त्यांच्यामागे मी.

बोट लागणं म्हणजे काय, ते गाडी लागणाऱ्यालाही कळणार नाही. गाडी थांबवता येते. खाली उतरून, लिंबू हुंगून, दोन मिनिटं बाभळीखाली बसता येतं. इथे खाली उतरायला जागाच नाही. कानाच्या आतला तोल सांगतो की हलतंय, आणि डोळ्यांना बिनखिडकीच्या खोलीत चारही भिंती जागच्या जागी दिसतात. दोघांचं पटत नाही आणि भांडण निस्तरतं पोट. ॲव्होमिनची गोळी पर्समध्ये होती, पण ती आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहील तर ना!

दोन वाजता दार वाजलं. मजल्यावरचा सफाईचा मुलगा, रत्नागिरीकडचा. हातात हिरवी सफरचंदं, बिस्किटं आणि कागदी पिशव्या. जिन्याच्या कठड्यांनाही दर चार पावलांवर तशाच पिशव्या खोचून ठेवल्या होत्या, हे सकाळी बघितलं. त्याने कपाट उघडलं, तो हंसाचा टॉवेल गुंडाळला आणि हँगरांच्या मधे दाबून बसवला. टकटक बंद. पलंगाच्या कडेच्या गादीखाली लाइफ जॅकेट सरकवलं, म्हणजे लोळून पडायला नको. "आजी, बाजूला झुलते ना, त्याला रोल म्हणतात. त्यासाठी जहाजाला पाण्याखाली माशासारखे पंख असतात, ते बाहेर काढलेत. पण नाक वरखाली होतं ती पिच. तिला पंखांचा फारसा उपयोग नाही."

"मग तिला काय करतात?" आईंनी विचारलं.

"स्पीड कमी करतात, आजी. आणि वाट बघतात."

आई एवढा वेळ भिंतीला टेकून बसून होत्या. त्यांना काहीसुद्धा झालं नाही. मी नंतर वाचलं, लहान मुलांना हा त्रास जास्त, वय वाढलं की कमी होतो. पण त्या रात्री मला ते पटलं नसतं. ऐन उमेदीत वीस वर्षं त्यांनी सुपात पानं-तंबाखू घेऊन रोज हजार-हजार विड्या वळल्यात, पाठ न टेकता. तशाच बसल्या होत्या. मधेच माझ्या कपाळावर हात ठेवायच्या, मधेच ह्यांच्या. पहाटे त्यांनी डब्यातली कडक भाकरी काढून मोडली, माझ्या हातात कोरडा तुकडा दिला. शेंगाचटणी लावू का, असंही विचारलं! मी फक्त हात जोडले. भाकरी मात्र पोटात राहिली.

सकाळी कॅप्टनची घोषणा. गोव्याला बंदरात शिरायला पायलटची, म्हणजे बंदरातली वाट दाखवणाऱ्या माणसाची, बोट जहाजाला लागायला हवी, तेवढा समुद्र शांत नाही, गोवा रद्द. रिसेप्शनवर जी काही भांडणं झाली ती बघायला रात्री अर्धमेले झालेले सगळे हजर. एकजण गोव्याचं हॉटेल बुक केल्याची पावती नाचवत होते. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वाट बदलायचा अधिकार कॅप्टनचा. परत मिळालं ते बंदराचे चार पैसे. मला वाईट वाटलं नाही असं नाही, मंगेशीला जायचं होतं. पण काउंटरमागची ती पोरगी स्वतः पिवळी पडली होती, आणि तरी "सर, सर" करत होती. तिला कोणी सफरचंद दिलं होतं का, कोण जाणे.

आईंना गोव्याचं काही नव्हतं. त्यांचं लक्ष पोहायच्या तलावावर. रात्री तलावातलं पाणी लाटांबरोबर उसळून डेकवर सांडत होतं म्हणून तो रिकामा केला आणि वर जाळं बांधलं. काचेच्या दारातून आई किती वेळ त्या कोरड्या निळ्या खड्ड्याकडे बघत उभ्या होत्या.

"सगळं सोडून दिलं?"

"आई, चहूकडे पाणीच आहे की."

"ते खारं."

मग त्या रत्नागिरीच्या मुलाला पकडून त्यांनी पूर्ण माहिती काढली. आंघोळीचं पाणी कुठनं येतं, रोज येतं का, किती वेळ. तो म्हणाला, इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचंच पाणी उकळून त्याची वाफ धरतात आणि गोडं करतात, दाब कमी केला की फार तापवावंही लागत नाही. चोवीस तास. आईंनी माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी दोनदा आंघोळ केली.

रविवारी समुद्र असा झाला होता की जणू काही घडलंच नाही. डेक उघडला. मी क्षितिजावर नजर ठेवून बसले, पोटाला तेच बरं वाटतं. आईंनी पदराच्या गाठीतला रुपया काढला, हात जोडले आणि चंद्रभागेत टाकतात तसा टाकला. वाऱ्याने तो खालच्या मजल्याच्या बाल्कनीत गेला की पाण्यात, कळलं नाही. आवाज आला नाही, म्हणजे पाण्यात, असं आईंनी ठरवलं.

ह्यांनी निघताना हाउसकीपिंगच्या मॅनेजरला कार्ड दिलं. सहाशे जीएसएम, सोलापूर, भाव फोनवर. आज दिवसभरात तीनदा फोन तपासला त्यांनी.

डॉक्टरांना विचारलं, हे हलणं कधी थांबणार? दोन-चार दिवसांत जातं म्हणाले, शरीर झुलण्याची सवय करून घेतं आणि मग सोडायला वेळ लावतं. आईंना विचारलं, तुम्हाला काही जाणवतंय का? त्यांनी तांब्याभर पाणी ओट्यावर ठेवलं, वाकून डोळा त्याच्या काठाला लावला.

"पाणी काय हलंना. तूच हलायलीस."

उद्या पाण्याचा दिवस आहे. पहाटे चारला उठायचं, पिंप भरायचे. आईंनी पाइप आत्ताच नळाला लावून ठेवलाय, आणि मला म्हणाल्या, बादल्या मी उचलीन, तू नुसती भिंतीला धरून नळाकडे बघत बस.