कान दुखतो, मग नाकात का बघता?

"डॉक्टरानू, दुखता माझो कान आणि तुमी नाकात कित्याक बघतास?" मालवणात दवाखाना टाकल्यापासून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक चिमुकली खोली असते. तिथून साधारण साडेतीन सेंटिमीटरची नळी निघते आणि नाकाच्या मागे, घशाच्या माथ्याशी उघडते. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळला की क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो.

अल्कमेऑन नावाच्या ग्रीक वैद्याने म्हणे सांगितलं होतं, की शेळ्या कानाने श्वास घेतात. अ‍ॅरिस्टॉटलने ते खोडून काढलं. मला मात्र वाटतं, शेळी चिरताना अल्कमेऑनला ही नळीच दिसली असावी. बघितलं बरोबर, अर्थ चुकला. त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी, १५६२ साली, बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन वैद्याने तिचं नीट वर्णन केलं. शरीररचनेची चित्रंही त्याने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतली होती. त्यातली बहुतेक छापली गेली थेट १७१४ मध्ये, तो जाऊन १४० वर्षं झाल्यावर. हे वाचलं तेव्हा मला फार हळहळ वाटली.

नळीला युस्ताकीचं नाव दिलं वाल्साल्वा या दुसऱ्या इटालियन वैद्याने. त्याच्या १७०४ च्या ग्रंथात आणखी एक युक्ती आहे: नाक-तोंड बंद करून फुंकायचं, म्हणजे हवा नळीतून कानात शिरते. कानातला पू बाहेर काढायला त्याने ती सांगितली. तारकर्लीला पर्यटकांना समुद्रतळ दाखवणारी मुलं आज खाली उतरताना हेच करतात. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. कान वेळीच मोकळा केला नाही तर पडदा आत ओढला जातो.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्यातलाच एक जण आला. अंगात सर्दी असताना बुडी मारली होती. मोत्यासारखा करडा असायचा तो पडदा लालभडक, आत खेचलेला. नाकात बघितलं तर आतली त्वचा सुजून नळीचं तोंडच बुजलेलं. औषध दिलं ते नाकाचं. बुडी बंद, असं बजावलं.

बारा दिवसांनी त्याला नाक दाबून हळूच फुंकायला सांगितलं. ऑटोस्कोपमधून, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या भिंगातून, मी बघतच होते. पडदा अलगद बाहेर फुगला. "सुटलो गो बाय," तो म्हणाला.