मुलगी शिकली, मग रेशन कशाला?

"शिक्षणावर पैसे घाला, फुकट धान्य बंद करा. तुझ्याच घराकडे बघ की, तू शिकलीस आणि घर वर आलं!" हळदीकुंकवापासून ऑफिसातल्या डब्यापर्यंत हेच ऐकते. आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाच लिहिते.

मी बी.कॉम. झाले ती पुण्यातल्या जनता वसाहतीतल्या खोलीत, माणशी महिना ५ किलो रेशनवर. आई सहकारनगरात धुणीभांडी करायची. घरात गहू-तांदूळ होता म्हणून दहावीनंतर मला कुणी कामाला जुंपलं नाही.

मग नोकरी लागली, पगार १२ हजार. कार्डावरचा पत्ता बदलायला गेलो, तर उत्पन्नाचा नवा दाखला मागितला. शहरात या धान्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. आमचं धान्य बंद झालं. टेबलामागचे साहेब आईला म्हणाले, "मावशी, पोरगी ग्रॅज्युएट आहे, अभिमान बाळगा." आईने कार्ड पिशवीत घातलं, गाठ मारली. ती सुटली, पुन्हा मारली. "अभिमान आहेच हो साहेब, पण धाकटा आत्ता अकरावीत गेलाय." त्याच वर्षी बाबा पाय मोडून घरी बसले. माझा पगार खोलीभाडं, औषधं आणि किराण्यात जिरला. दिवाळीनंतर भाऊ कॉलेज सोडून पार्सल पोचवायला लागला. मला विचारलंसुद्धा नाही.

शिकलेल्या घराला पुढे सरकारी मदत कमी लागते, हे मलाही मान्य आहे. कॉलेजात वादविवाद स्पर्धेत मी हेच तावातावाने मांडायचे, आणि ती मुलगी खोटं बोलत नव्हती. पण तिच्या डब्यातली पोळी रेशनच्या गव्हाची होती.

जोतीरावांनी १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगाकडे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, आणि बहुजनांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या, बक्षिसंही मागितली. शाळा की मदत, असा सवाल त्यांनी टाकला नाही. आपण का टाकतो? मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ करताना सरकारला ८ लाखांची मर्यादा चालते, मग धान्यालाच ५९ हजार का? पहिला पगार झाला की लगेच हात का काढून घ्यायचा? दोन-तीन वर्षं तरी थांबा. खर्च वाढेल, हेही खरं. नेमकं किती थांबायचं, ते मलाही सांगता येत नाही.

भावाला म्हणते, १७ नंबरचा फॉर्म भर, बारावी बाहेरून दे. तो म्हणतो, "तोवर गाडीचा हप्ता तू भरणार का?" गेल्या आठवड्यातही यावरून आमचं वाजलं.